एक डोंगर, सहा चित्रं

मुलांनो, एक सोपा प्रश्न. तुमच्या चित्रकलेच्या वहीत डोंगर किती आहेत? माझ्या वर्गातल्या वह्या उघडल्या तर प्रत्येकीत चार-पाच तरी सापडतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली निळी नदी, काठावर कौलारू घर आणि शेजारी नारळाचं झाड! आमच्या नगर तालुक्यात ओढ्यानाल्यांना वर्षातले चार महिने पाणी असलं तरी पुष्कळ. नारळ तर आम्हांला दिसतो तो किराणा दुकानात. तरी चित्रात दोन्ही असतातच. असं का होतं? आपण डोंगर बघून काढत नाही, आठवून काढतो. आणि तोही दुसऱ्याच्या चित्रातला!

या आठवड्यात आपण एकच डोंगर घेऊ, पण तो सहा वेळा काढू. नुसत्या रंगपेटीने नाही बरं का! माती, गोणपाट, सुतळी, वाळलेलं गवत, एसटीची तिकिटं, गणिताच्या वहीतलं पान, असं सगळं वापरून. एकाच विषयावरच्या, एकमेकांशी नातं असलेल्या चित्रांना 'चित्रमालिका' म्हणतात. आणि एकाच चित्रात रंगांबरोबर इतर वस्तूही आल्या की त्याला 'मिश्र माध्यम' म्हणतात. नावं भारदस्त आहेत, काम मात्र साधं आहे.

हे काही नवीन नाही

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथले ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातल्या एकेका कथेची सुटी चित्रं असतात. त्या संचाला 'पोथी' म्हणतात. गाणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि कथा सांगत जातो. म्हणजे चित्रमालिकाच की! ही कला जपल्याबद्दल पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दुसऱ्या तऱ्हेच्या मालिकेत गोष्ट नसते, निरीक्षण असतं. जपानमध्ये होकुसाई नावाचा चित्रकार होऊन गेला. सत्तरीच्या घरात असताना, १८३० च्या सुमारास, त्याने फुजी पर्वताची मालिका सुरू केली. पर्वत तोच. पण कुठे तो भल्यामोठ्या लाटेमागे चिमुकला दिसतो, तर कुठे कारागीर बनवत असलेल्या गोल पिंपातून. मालिकेचं नाव होतं 'फुजीची छत्तीस दृश्यं'. ती इतकी गाजली, की होकुसाईने आणखी दहा चित्रांची भर घातली. छत्तीसची झाली सेहेचाळीस!

आता मिश्र माध्यमाचं बघा. फ्रान्समध्ये राहणाऱ्या पिकासो या चित्रकाराने १९१२ मध्ये एका चित्रात खुर्चीची वेताची बैठक रंगवलीच नाही. वेताची वीण छापलेलं मेणकापड त्याने तिथे चिकटवलं आणि चित्राभोवती चौकट म्हणून चक्क दोर लावला. तेव्हा लोक चकित झाले. पण आपल्या पालघर-डहाणूकडची वारली मंडळी कितीतरी आधीपासून शेणाने सारवलेल्या नाहीतर गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढत होतीच. टोक चेचलेली बांबूची काडी हाच त्यांचा ब्रश. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कुठलीच वस्तू उगीच वापरलेली नाही. तांदूळ पिकवणाऱ्याने तांदळाने चित्र काढलं. आपल्यालाही हाच नियम पाळायचा आहे. चित्रात जी वस्तू चिकटवाल, ती तिथे का आहे हे सांगता आलं पाहिजे. 'छान दिसते म्हणून' हे उत्तर चालणार नाही!

डोंगर कुठला घेतला?

माझ्या चौथी-पाचवीच्या वर्गाने डोंगर घेतला हिवरे बाजारचा. हे गाव आमच्याच तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात. आम्ही तिथे दोनदा जाऊन आलो, एकदा ऑगस्टात आणि एकदा मार्चमध्ये. इथे पाऊस पडतो वर्षाला साधारण ४०० मिलिमीटरच्या आतबाहेर. महाबळेश्वरला पडतो पाच हजारांहून जास्त. आता तुम्हीच तुलना करा.

आज डोंगरावर झाडी आहे, गवत आहे. आमची मुलं पोचल्यापोचल्या म्हणाली, "बाई, इथं तर आधीपासूनच जंगल होतं वाटतं!" मला वाटलं, मालिका करायला यापेक्षा चांगलं कारण कुठलं? कारण हा डोंगर चाळीस वर्षांपूर्वी जवळजवळ उघडाबोडका होता. जे हळूहळू बदलतं ते रोज बघणाऱ्याला दिसत नाही, आणि नंतर जन्मलेल्याला तर माहीतच नसतं. पण सहा चित्रं ओळीने मांडली की ते एका नजरेत दिसतं.

आधी तयारी

एकाच मापाचे सहा पुठ्ठे घ्या. साडीच्या खोक्याचे उत्तम. प्रत्येक पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवा. एकाच बाजूला लावलात तर कागद वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठा पापडासारखा वाकतो. दोन्हीकडून सारखा ताण पडला की तो सरळ राहतो.

चिकटवायला घरची खळ चालते. अर्धी वाटी पाण्यात एक मोठा चमचा मैदा कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा. शिजवताना घरातलं मोठं माणूस जवळ हवं. खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. जड वस्तूंना मात्र फेव्हिकॉलच हवा.

आता महत्त्वाचं. डोंगराची कड एका जाड कागदावर काढून कापून घ्या. हा आपला साचा. सहाही पुठ्ठ्यांवर हाच साचा, त्याच जागी ठेवून पेन्सिल फिरवा. डोंगराची रेघ एका चित्रातही हलता कामा नये. एक गोष्ट पक्की धरून ठेवली, तरच दुसरी बदलली हे कळतं.

आणखी एक नियम. हिवरे बाजारात झाडावर कुऱ्हाड चालवायला बंदी आहे. मग आपण तरी डहाळी कशी मोडायची? आम्ही फक्त खाली पडलेली पानं उचलली, तीही विचारून. माती आमच्या शाळेच्या मैदानातली.

पहिलं चित्र : भेगा

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. घरातल्या आजी-आजोबांना विचारा. खडी फोडायची कामं, सुकडी, परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी, हे सगळं ते सांगतील. त्या दुष्काळानंतर हिवरे बाजारची घडी विस्कटली. डोंगरावरची झाडं तुटत गेली, पडलेलं पाणी वाहून जायचं, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठायच्या.

डोंगराच्या आकारात आम्ही फाटकं गोणपाट लावलं. खालच्या शेतात जाडसर चिखलाचा थर दिला. चिखलात खळ अगदी थोडी घातली. खळ जास्त झाली तर थर गुळगुळीत वाळतो. कमी असली, की माती वाळताना आक्रसते आणि तिला भेगा पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं ओरडलीच, "बाई, खरंखुरं शेत झालं!" कुणी भेगा रंगवल्या नव्हत्या. त्या मातीनेच काढल्या होत्या.

दुसरं चित्र : तिकिटं

पाणी नाही म्हणजे काम नाही. माणसं पोटासाठी पुण्या-मुंबईकडे निघाली. हे चित्र कोळशाचं. राखाडी डोंगर, बंद दारं, आणि खालच्या रस्त्यावर एकापुढे एक चिकटवलेली एसटीची तिकिटं. माणूस एकही काढला नाही. तिकिटंच माणसं!

एक सूचना. हल्लीच्या मशीनमधून निघणाऱ्या तिकिटांवरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात, कारण तो कागद उष्णतेने उमटणारा असतो. एका मुलीने हे ऐकलं आणि म्हणाली, "मग उडू द्या की! गेलेली माणसं पण विसरली जातात ना?" मी गप्पच झाले. तिकिटं तशीच ठेवली.

तिसरं चित्र : सुतळी

१९८९ मध्ये पोपटराव पवार गावाचे सरपंच झाले. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. गावाने श्रमदान केलं, झाडं लावली आणि डोंगरउतारावर हजारो चर खणले. यांना 'सलग समतल चर' म्हणतात. हे चर दाखवायला आम्ही सुतळी घेतली.

आणि इथेच गंमत झाली! निम्म्या मुलांनी सुतळी डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत उभी चिकटवली. दिसायला सुंदर, केसांच्या वेण्यांसारखी. चूक की बरोबर ते मी सांगितलं नाही. "पाण्यालाच विचारू," म्हटलं. डोंगरावर फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन तो वाळवला. मग पुठ्ठा तिरका धरला आणि ड्रॉपरने निळ्या पाण्याचे थेंब वरून सोडले. उभ्या सुतळीच्या कडेने थेंब सुर्रकन खाली! आडव्या सुतळीपाशी मात्र थेंब अडला, दोन्ही बाजूंना पसरला आणि सुतळीत मुरला.

एका मुलाची सुतळी आडवी होती, पण एका टोकाला जरा उतरती. त्याचं पाणी त्या टोकाला धावलं आणि तिथून खाली सांडलं. 'समतल' हा शब्द का आहे ते त्याला तेव्हा कळलं. चर पूर्ण लांबीभर एकाच उंचीवर असावा लागतो. ती उंची साधायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. बांधकामावर गवंडी पातळी बघतात ना, तशीच. ज्यांनी सुतळी उभी लावली होती त्यांनी ती स्वतःहूनच काढली आणि आडवी लावली. डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला हात कामाला लागले की डोकं लागतं असं शिकवायचे. त्या दिवशी ते समोर दिसलं.

चौथं चित्र : गवत

पाणी मुरलं, पण झाडाला कोंब फुटला की शेळी टपलेलीच! म्हणून गावाने चराईबंदी केली. जनावरं डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत. गवत विळ्याने कापायचं आणि गोठ्यात आणून घालायचं. मुळं जागेवर राहतात, माती धरून ठेवतात आणि पुढच्या पावसात गवत पुन्हा वाढतं.

या चित्रात दोन युक्त्या. पडलेलं पान उलटं ठेवा, म्हणजे शिरा वर येतील. त्यावर पातळ कागद धरून मेणखडू आडवा घासा. पान जसंच्या तसं उमटतं. मग वरून पातळ हिरवा जलरंग फिरवा. मेणाला पाणी चिकटत नाही, त्यामुळे शिरा स्वच्छ राहतात. अशी पानं कापून डोंगरावर लावा आणि पायथ्याशी वाळलेल्या गवताच्या काड्या. ओलं काम आधी, कोरडी चिकटवाचिकटव नंतर. क्रम उलटा केलात तर गवत रंगात भिजून कुजेल.

पाचवं चित्र : हिशेब

आता डोंगर गणिताच्या वहीच्या चौकोनी कागदाचा! म्हणाल, हे काय? हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पाऊस पडला, विहिरींना पाणी किती, हे मोजतात. प्यायला किती, जनावरांना किती आणि मग पिकांना किती, हे ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी, तर कमी पाण्याची पिकं. खाऊचे पैसे मोजून खर्च करता ना, तसंच.

चौकोनी कागदाच्या डोंगराखाली विहीर काढायची होती. एकाने चॉकलेटचा चमचमता निळा कागद आणला. पाणी म्हणून अगदी झकास दिसत होता. शेजारची मुलगी म्हणाली, "विहिरीतलं पाणी असं नसतं. ते काळं दिसतं आणि आपलं तोंड दिसतं त्यात." दोघांचा वाद झाला. शेवटी शाई आणि कोळशाची पूड कालवून काळसर निळं पाणी केलं, आणि चमचमत्या कागदाचा नखाएवढा तुकडा मध्यभागी लावला. वरून डोकावणारं आभाळ म्हणून. चांगली तडजोड झाली.

सहावं चित्र : आज

सहावं चित्र प्रत्येकाने आपल्या मनाने करायचं होतं. ते सुरू होण्याआधी एका मुलाने विचारलं, "बाई, एवढं पाणी आलंय, तर मग बोअर घेऊन ऊस का नाही लावत?"

प्रश्न सरळ होता आणि चांगला होता. हिवरे बाजारात शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी आहे. साध्या विहिरीत येतं ते जमिनीच्या वरच्या थरातलं पाणी. चांगल्या पावसाने ते दरवर्षी भरून निघतं. खोल बोअर खालच्या थरातलं, वर्षानुवर्षं साठलेलं पाणी ओढतो. ते भरून यायला फार काळ लागतो. आणि जमिनीखाली पाण्याला बांध नसतात. एकाने जोरात उपसलं, तर शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. ऊस तर वर्षभर नाहीतर त्याहून जास्त दिवस शेतात उभा राहून पाणी पितो. चाळीस वर्षांपूर्वी हा डोंगर उघडा पडला तो काही एका रात्रीत नव्हे. एकेकाने 'मी एकट्याने घेतलं तर काय होतंय' म्हटलं, त्यातून पडला.

तो काही बोलला नाही. चित्र करायला बसला. बहुतेकांनी हिरवागार डोंगर केला. पानं, पक्ष्यांची पिसं, बाजरीचे दाणे. त्याचंही चित्र हिरवंच होतं. पण त्याने पानांचा सगळा कागद फक्त वरच्या कडेला चिकटवला होता. मला वाटलं, फेव्हिकॉल संपला असेल. तर म्हणाला, "उचलून बघा." उचललं. खाली गोणपाट. पहिल्या चित्रातलंच!

"झाडं तोडली की खाली हेच आहे ना, बाई?"

हिवरे बाजारला पुष्कळ मानसन्मान मिळाले. २०२० मध्ये पोपटराव पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं आमच्या मुलांनी वहीत लिहून घेतलं आहे. पण डोंगर हिरवा 'आहे' याचा अर्थ तो रोज हिरवा 'ठेवावा' लागतो, हे त्या मुलाने एका कागदात आणि एका गोणपाटात सांगून टाकलं.

आता तुमची पाळी

तुमच्या गावात डोंगर नसेल. हरकत नाही. विहीर असेल, ओढा असेल, शाळेमागचं वडाचं झाड असेल, शहरात राहत असाल तर खिडकीतून दिसणारा एखादा मोकळा प्लॉट असेल. एकच निवडा. मग असं करा :

१. त्या जागी जाऊन अर्धा तास नुसतं बघा. आठवून काढू नका.

२. पूर्वी ती जागा कशी होती, हे निदान दोन मोठ्या माणसांना विचारा. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर आणखी तिसऱ्याला विचारा.

३. न बदलणारी एक रेघ ठरवा आणि तिचा साचा कापा.

४. प्रत्येक चित्रासाठी वस्तू निवडा. 'ही इथे का?' याचं उत्तर एका वाक्यात पुठ्ठ्यामागे लिहा. उत्तर सुचलं नाही तर वस्तू बदला.

५. मागे तारीखही लिहा. आज तुम्हांला ती बिनकामाची वाटेल. वीस वर्षांनी चित्रापेक्षा तारखेलाच जास्त किंमत येईल.

६. चित्रं सुतळीवर चिमट्यांनी ओळीने टांगा. आणि घरच्यांना बोलावून, पिंगुळीच्या चित्रकथीसारखी, एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगा.

खर्च म्हणाल तर फेव्हिकॉलची एक छोटी बाटली. बाकी सगळं घरात, अंगणात नाहीतर रद्दीत सापडेल. सहा चित्रांना एक दिवस पुरणार नाही. दोन-तीन रविवार घ्या, आणि वाळायला ठेवलेलं काम मांजरीपासून जपा!

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरात शिरायचं आहे. भेंडीचं देठ, कांद्याचा अर्धा काप आणि बटाटा यांचे ठसे कसे करायचे ते बघू. तोपर्यंत आईला सांगून ठेवा, भाजी निवडताना भेंडीची देठं टाकू नकोस म्हणून.

तुमच्या बाई